गेम जिंकायचा की भूमिका जगायची? टेबलटॉप गेम्समधला 'पॉवरगेमिंग'चा वाद नेमका काय आहे?

'स्ट्रेंजर थिंग्ज'चा पहिला एपिसोड आठवतोय? तळघरात टेबलाभोवती बसलेली चार मुलं, समोर डेमोगॉर्गन नावाचा काल्पनिक राक्षस आणि विलच्या हातात फासा. एक मित्र ओरडतो, आगीचा गोळा टाक. दुसरा म्हणतो, आधी स्वतःला वाचव. ती मुलं जो गेम खेळत होती तो म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजेच डीअँडडी.

या गेममध्ये एक वाद गेली चार दशकं चालू आहे. जिंकण्यासाठी तगडं कॅरेक्टर बनवायचं, की कॅरेक्टरच्या स्वभावाला धरून खेळायचं? पहिल्याला म्हणतात पॉवरगेमिंग आणि दुसऱ्याला रोलप्लेइंग. या एका मुद्द्यावरून मित्रांचे ग्रुप फुटल्याचे किस्से जगभरातले खेळाडू सांगतात.

आधी गेम समजून घेऊ

यात बुद्धिबळासारखा ठरलेला पट नसतो आणि कुणी एक विजेताही नसतो. एक जण 'डंजन मास्टर' होतो आणि गोष्टीतलं जग उभं करतो. बाकीचे त्या जगातलं एकेक कॅरेक्टर घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. 'मी भिंतीवर चढतो' असं खेळाडू म्हणाला की २० बाजूंचा फासा टाकायचा, त्यात कॅरेक्टरच्या क्षमतेचा आकडा मिळवायचा आणि जमलं की नाही ते ठरवायचं.

प्रत्येक कॅरेक्टरला सहा क्षमता असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर छाप पाडण्याची हातोटी. गेमच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्यासाठी १५, १४, १३, १२, १० आणि ८ असे तयार आकडे वापरता येतात. कोणता आकडा कुठे टाकायचा, हे खेळाडूने ठरवायचं.

इथेच दोन वाटा फुटतात. पॉवरगेमर योद्धा बनवताना १५ ताकदीला देतो आणि ८ अशा ठिकाणी ढकलतो जिथे त्याचं काही अडणार नाही. शस्त्र, चिलखत, खास कौशल्यं, सगळं हिशोबाने निवडतो. रोलप्लेयर आधी माणूस ठरवतो. समजा, लढाईला कंटाळून आचारी झालेला म्हातारा सैनिक. मग त्याच्या हातात तलवारीऐवजी झारा आला तरी त्याला चालतं.

वादाचं मूळ गेमच्याच जन्मात

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत डीअँडडी आणला. त्याची मुळं वॉरगेम्समध्ये होती, म्हणजे नकाशावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायच्या. गायगॅक्स यांचा १९७१ चा 'चेनमेल' हा असाच एक गेम.

डीअँडडीने फरक असा केला की सैन्याच्या जागी एकच कॅरेक्टर आलं. पण बक्षिसाची पद्धत लढाईचीच राहिली. राक्षस मारले, खजिना मिळवला की अनुभवाचे गुण मिळायचे आणि कॅरेक्टर वरच्या पातळीवर जायचं. सुंदर संवाद म्हटल्याचे गुण नव्हते. म्हणजे पॉवरगेमर नियम मोडत नव्हता, नियम ज्याचं बक्षीस देत होते तेच करत होता.

१९८० मध्येच ग्लेन ब्लॅको यांनी 'डिफरंट वर्ल्ड्स' या मासिकातल्या लेखात खेळण्याच्या चार पद्धती मांडल्या. त्यात पॉवरगेमिंग आणि रोलप्लेइंग या दोन्ही होत्या. १९९१ मध्ये 'व्हॅम्पायर : द मास्करेड' आला. त्याने कॅरेक्टरच्या मनातल्या संघर्षाला मध्यभागी आणलं. उलट २००० मध्ये आलेल्या डीअँडडीच्या तिसऱ्या आवृत्तीने खेळाडूंना इतके पर्याय दिले की ताकदवान कॅरेक्टर 'बांधणं' हाच अनेकांचा छंद झाला.

शेतकऱ्यांची तोफ

नियम ताणण्याचं सर्वात गाजलेलं उदाहरण म्हणजे 'पेझंट रेलगन'. डीअँडडीमध्ये लढाईची एक फेरी ६ सेकंदांची असते. समजा, २,००० शेतकरी रांगेत उभे केले. प्रत्येकाला ५ फूट जागा. एकाने दुसऱ्याच्या हातात भाला द्यायचा, त्याने तिसऱ्याच्या. नियमांनुसार हे सगळं एकाच फेरीत बसवता येतं, असा दावा. म्हणजे भाला ६ सेकंदांत १०,००० फूट, सुमारे ३ किलोमीटर जातो. आवाजापेक्षाही जास्त वेगाने!

गंमत अशी की वेग वाढला म्हणून भाल्याने जास्त इजा होते, असा नियमच नाही. इतकं अंतर कापण्यासाठी नियम वापरायचे आणि शेवटच्या क्षणी खरं भौतिकशास्त्र पुढे करायचं, ही यातली चलाखी. २०२४ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये तर स्पष्टच बजावलंय की गेमचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे.

मग पॉवरगेमर वाईट खेळाडू असतो का?

तसं नाही. तगडं कॅरेक्टर म्हणजे कच्चा अभिनय, या समजाला गेमर्समध्ये 'स्टॉर्मविंड फॅलसी' म्हणतात. आकडे जुळवणं आणि भूमिका वठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकच माणूस दोन्ही उत्तम करू शकतो. नाहीतरी जीव धोक्यात घालून राक्षसाशी लढायला निघालेला योद्धा चांगलंच शस्त्र उचलेल ना?

रोलप्लेयरचीही एक खोड असते. आपल्याच टीमचा खजिना चोरायचा आणि वर म्हणायचं, 'काय करू, माझं कॅरेक्टर चोर आहे, ते असंच वागणार.' पण ते कॅरेक्टर त्यानेच निवडलेलं असतं.

खरी अडचण आहे दरीची. समजा, चौघांपैकी एकाचं कॅरेक्टर बाकीच्यांच्या कितीतरी पुढे आहे. मास्टरने साधा राक्षस आणला तर तो एकटाच त्याला लोळवतो आणि तिघे बघत बसतात. त्याला तोडीस तोड राक्षस आणला, तर आपला आचारी पहिल्याच फटक्यात गारद. मास्टरने काहीही केलं तरी कुणाची तरी संध्याकाळ वाया जाते. तेच चौघेही पॉवरगेमर असतील तर काहीच बिघडत नाही.

उपाय काय?

सर्वात सोपा उपाय म्हणजे 'सेशन झिरो'. पहिला डाव सुरू होण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसायचं. लढाई जास्त हवी की गोष्ट, कॅरेक्टर किती तगडं चालेल, काय अजिबात नको, हे ठरवायचं. शक्यतो कॅरेक्टरही तिथेच, एकमेकांसमोर बनवायची.

दुसरा उपाय बक्षिसातच आहे. पाचव्या आवृत्तीत 'इन्स्पिरेशन' नावाचा नियम आला. स्वभावाला धरून छान खेळलं तर मास्टर ते देतो आणि नंतर एखाद्या अवघड प्रसंगी २० बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. म्हणजे भूमिका जगणाऱ्याला ताकद मिळते आणि ताकद हवी असणाऱ्याला भूमिका जगावी लागते.

तिसरा उपाय खुद्द पॉवरगेमरच्या हातात आहे. नियम कोळून प्यायलेल्या खेळाडूने आपलं ज्ञान शेजारच्याला दिलं, तर झारा धरलेला आचारीही लढाईत तग धरू शकतो.