क्लिक नेमकं कधी झालं? कारखान्यातल्या कॅमेऱ्यांचा 'जिटर' समजून घ्या

मित्र हवेत उडी मारतो, तुम्ही मोबाईलचं बटण दाबता आणि फोटोत तो जमिनीवर उभा! मित्राला पुन्हा उडी मारायला सांगता येतं. पण नाशिकच्या सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीत बेल्टवरून पुढे गेलेला पार्ट कॅमेऱ्यासाठी मागे येत नाही.

ट्रिगर म्हणजे काय?

पार्ट समोर आला की सेन्सर कॅमेऱ्याला सिग्नल देतो: 'आता फोटो काढ.' हाच ट्रिगर. सिग्नल आणि प्रत्यक्ष फोटो यांच्यात थोडा वेळ जातोच. त्याला 'लेटन्सी' म्हणतात.

मग अडचण कुठे आहे?

बस रोज बरोबर 10 मिनिटं उशिरा येत असेल, तर आपणही घरातून उशिरा निघतो. पण ती कधी 2, तर कधी 18 मिनिटं उशिरा आली, तर काय करणार? कॅमेऱ्याचंही तसंच. ठरलेला उशीर सेटिंगमध्ये भरून काढता येतो. दर वेळी बदलणारा उशीर, म्हणजे 'जिटर', भरून काढता येत नाही.

हिशोब करून बघा

बेल्टचा वेग सेकंदाला 2 मीटर असेल, तर 1 मिलिसेकंदात पार्ट 2 मिलिमीटर सरकतो. 10 मिलिसेकंदांचा फरक पडला, तर पार्ट 20 मिलिमीटर इकडेतिकडे दिसणार. तपासायची कडा फोटोबाहेर गेली, तर चांगला पार्ट रिजेक्ट होतो किंवा खराब पार्ट पास होतो. तोच पार्ट पुढे एखाद्या गाडीत बसू शकतो.

जिटर येतो कुठून?

• पीएलसी: मशीन चालवणारा हा कंट्रोलर सहसा ठरावीक चक्रात इनपुट वाचतो. चक्र 5 मिलिसेकंदांचं असेल, तर सिग्नल तेवढा वेळ ताटकळू शकतो.
• सॉफ्टवेअर ट्रिगर: कॉम्प्युटर दुसऱ्या कामात असला की आदेश उशिरा निघतो.
• सतत चालू कॅमेरा: सेकंदाला 50 फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात पुढच्या फोटोची वाट 20 मिलिसेकंदांपर्यंत पाहावी लागते.

उपाय काय?

सेन्सरची वायर थेट कॅमेऱ्याच्या हार्डवेअर ट्रिगरला जोडायची. मग जिटर सहसा मायक्रोसेकंदांत येतो. 10 मायक्रोसेकंदांत आपला पार्ट फक्त 0.02 मिलिमीटर सरकतो. बेल्टचा वेग बदलत असेल, तर एन्कोडर लावतात. मग ट्रिगर वेळेवर नाही, तर बेल्टने कापलेल्या अंतरावर ठरतो.

एक मात्र लक्षात ठेवा: फोटो धुरकट येत असेल, तर दोष बहुतेक जिटरचा नसतो. शटर जास्त वेळ उघडं राहत असतं. फोटो स्पष्ट आहे, पण पार्ट दर वेळी वेगळ्या जागी दिसतोय? मग जिटर तपासा.

म्हणून कारखान्यासाठी कॅमेरा घेताना 'मेगापिक्सेल किती?' एवढंच विचारून थांबू नका. 'ट्रिगर जिटर किती?' हेही विचारा.