चाकांवरचें घर व थांबलेलें गांव

घर मागें ठेवल्याखेरीज प्रवास होत नाहीं, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. वळकटी बांधावी, फिरकीचा तांब्या भरून घ्यावा, शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवावी आणि निघावें. पण अमेरिकेंत गेल्या शंभराहून अधिक वर्षांत घरच बरोबर घेऊन निघणाऱ्या प्रवाशांचा एक मोठा वर्ग तयार झाला आहे. १९१० सालीं पिअर्स-ॲरो कंपनीनें निजण्याची व हातपाय धुण्याची सोय असलेली मोटार न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत मांडली, तेव्हां ती केवळ श्रीमंतांची हौस होती. आज अशीं वाहनें लक्षावधि कुटुंबांपाशीं आहेत. तिकडे त्यांना 'आर. व्ही.' म्हणतात, आपण त्यांना चाकांवरचें घर म्हणूं. अशा घरांतून हिंडणाऱ्यानें एखादें जुनें, लहानसें, इतिहासांत नांव असलेलें गांव कसें पाहावें, हें आज मला श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे. आणि तें एका गांवाच्याच उदाहरणानें मांडणें बरें.

तें गांव म्हणजे इलिनॉय संस्थानांतील गलीना. शिकागोहून पश्चिमेकडे सुमारें १६० मैलांवर, मिसिसिपी नदीपासून तीन-चार मैल आंत, एका लहानशा उपनदीच्या कांठीं तें वसलें आहे. शिकागो व तिचीं उपनगरें यांत मराठी कुटुंबांची वस्ती आतां चांगली मोठी असून तेथें १९६९ पासून महाराष्ट्र मंडळही चालत आहे. तेव्हां ज्यांचीं मुलें-नातवंडें तिकडे आहेत, त्यांच्यापुरता तरी हा प्रवास केवळ ऐकण्याचा राहील असें नाहीं.

प्रथम वाहनाविषयीं दोन शब्द. चाकांवरच्या घराचे मुख्य प्रकार दोन. एकांत एंजिन व घर एकाच सांगाड्यावर असतें; दुसऱ्यांत घर निराळें असून तें मोटारीमागें जोडून ओढावयाचें असतें. मोठ्या वाहनाची लांबी तीस-चाळीस फूट, रुंदी साडेआठ फुटांपर्यंत व उंची बारा-तेरा फूट भरते. आंत गॅसची शेगडी, शीतकपाट, बिछाने व न्हाणीघर असतें. पाण्याच्या टाक्या तीन: एक पिण्यावापरण्याच्या पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची आणि तिसरी शौचकूपाची. मागील दोन टाक्या ठरलेल्या ठिकाणींच रिकाम्या कराव्या लागतात. वीज व ताजें पाणी मिळण्यासाठींही मुक्कामाच्या तळावर जाणें प्राप्त असतें. म्हणजे हें घर कितीही स्वतंत्र दिसलें, तरी त्याची दोरी तळाशीं बांधलेली असते. जुन्या गांवाच्या मध्यभागीं असा तळ नसतो. आणि तेथील रस्ते तर घोडागाडीच्या मापाचे असतात. या दोन गोष्टी ध्यानांत ठेवल्या म्हणजे पुढील सर्व सल्ला आपोआप सुचतो.

शिकागोहून निघाल्यावर बराच वेळ दोन्ही बाजूंना मक्याचीं व सोयाबीनचीं सपाट शेतें दिसतात. गलीनाचा टापू जवळ आला कीं जमीन एकाएकी उंचसखल होऊं लागते. हिमयुगांत उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाच्या थरांनीं इलिनॉयचा बहुतेक प्रदेश रंधा मारावा तसा सपाट केला. हा वायव्येकडील कोपरा मात्र त्यांतून सुटला. संस्थानांतील सर्वांत उंच नैसर्गिक जागा, १,२३५ फुटांची चार्ल्स माउंड, याच जिल्ह्यांत आहे. सह्याद्री पाहिलेल्यास ती टेकडीच वाटेल. परंतु कित्येक टनांचें घर घेऊन वीस क्रमांकाच्या हमरस्त्यानें येणाऱ्या चालकास तिच्या भोंवतालचे चढउतार चांगलेच जाणवतात. येथें उतारावर ब्रेकवरच सगळी भिस्त न ठेवतां गाडी खालच्या गिअरमध्यें आणून सावकाश उतरावें. बर्फाच्या या चुकलेल्या वाटेचा आणखी एक परिणाम झाला. वर गाळमातीचा जाड थर न साचल्यामुळें येथील शिसें जमिनीच्या पृष्ठभागालगतच राहिलें. आणि त्या शिशानेंच पुढें गांव घडविलें.

गलीना हें मुळांत खनिजाचेंच नांव आहे. शिसें व गंधक यांच्या संयोगानें झालेला हा जड, चकचकीत दगड लॅटिन भाषेंत याच नांवानें ओळखला जाई. १८२६ सालीं तें नांव गांवास मिळालें. खाणी मात्र गांवाहून जुन्या. सॉक, मेस्क्वाकी व हो-चंक या मूळच्या लोकांनीं येथें पिढ्यान्‌पिढ्या शिसें काढलें, आणि खणण्याचें काम बहुधा बायका करीत. गोऱ्या खाणवाल्यांची रीघ लागल्यावर १८२७ सालीं झगडा पेटला आणि १८२९ च्या तहानें ही भूमि हो-चंकांच्या हातून गेली. या लोकांस इंग्रजींत विनेबेगो म्हणत. तें नांव पुढें आयोवांतील एका जिल्ह्यास मिळालें; जिल्ह्यावरून तेथें निघालेल्या वाहनांच्या कारखान्यास मिळालें; आणि आज कित्येक अमेरिकन माणसें चाकांवरच्या कोणत्याही घरास 'विनेबेगो' असेंच म्हणतात. ज्यांना आपलीं घरें सोडावीं लागलीं, त्यांचें नांव हौसेनें घर घेऊन हिंडणाऱ्यांच्या गाडीवर यावें, ही गोष्ट या टापूंत शिरतांना प्रवाशानें मनांत बाळगावी.

शिशाला त्या काळीं मागणी अमाप होती. बंदुकीच्या गोळ्या, पाण्याचे नळ, रंग आणि छापखान्यांतील खिळे या सर्वांना तें लागे. १८४५ च्या सुमारास अमेरिकेंत निघणाऱ्या शिशापैकीं सुमारें चार पंचमांश याच टापूंतून येई. वाफेच्या बोटी मिसिसिपींतून उपनदींत शिरून थेट गलीनाच्या धक्क्याला लागत. व्यापाऱ्यांनीं विटांचीं व दगडांचीं दुमजली-तिमजली दुकानें बांधलीं, टेकडीवर वाडे उठविले, आणि गलीना शिकागोची बरोबरी करील अशीं स्वप्नें पाहिलीं.

मग हें गांव थांबलें कां? याचें उत्तर नदीच्या कांठीं उभें राहिल्यावर मिळतें. आज तो प्रवाह इतका लहान दिसतो कीं, येथें कधीं आगबोटी येत असतील हें खरें वाटूं नये. शिसें वितळविण्यास लांकूड लागे. त्यासाठीं भोंवतालच्या टेकड्या उघड्या पडल्या. नांगरलेल्या व उघड्या उतारांवरची माती पावसाबरोबर नदींत आली आणि बंदर गाळानें भरूं लागलें. जमिनीलगतचें शिसें संपत आलें, आणि १८४९ नंतर कित्येक खाणवाले सोन्याच्या शोधांत कॅलिफोर्नियास गेले. १८५४ सालीं आगगाडी आली खरी. पण ती गलीनास न थांबतां पुढें मिसिसिपीच्या कांठापर्यंत गेली, आणि व्यापारही तिच्याबरोबर पुढें गेला. १८५७ च्या आर्थिक मंदीनें उरलासुरला उत्साह मोडला. १८६० च्या शिरगणतींत आठ हजारांवर असलेली वस्ती २०२० सालीं ३,३०८ भरली. ज्या धंद्यानें गांव वाढविलें, त्यानेंच त्याची वाटही बुजविली.

परंतु या पडत्या काळानेंच एक उपकार केला. जुनें पाडून नवें बांधण्यास लोकांपाशीं पैसा नव्हता. म्हणून जुनें राहिलें. विसाव्या शतकाच्या मध्यास बाहेरच्या कलावंतांचें व जाणत्या लोकांचें लक्ष या ओस पडत चाललेल्या इमारतींकडे वळलें. १९६९ सालीं गांवाचा ऐतिहासिक भाग राष्ट्रीय यादींत नोंदला गेला. गांवांतील बहुतेक सर्व जुना भाग आज त्या नोंदींत येतो.

आतां तें पाहावें कसें, हें सांगतों. गलीना हें उतरंडीसारखें गांव आहे. तळाशीं नदी, तिला समांतर वळत जाणारी मेन स्ट्रीट, तिच्या वर बेंच स्ट्रीट, आणि त्याच्याही वर प्रॉस्पेक्ट स्ट्रीट. या रस्त्यांना जोडणारे दगडी व लांकडी जिने आहेत. चाळीस फुटांचें घर या वळणांत घालणें म्हणजे स्वतःस व गांवकऱ्यांस दोघांनाही संकट. तें नदीलगतच्या सपाट भागांत, मोठ्या वाहनांस मोकळीक असलेल्या जागीं उभें करावें आणि पायीं निघावें. रात्रीचा मुक्काम गांवाबाहेरील तळावर करावा. दक्षिणेस सव्हॅना गांवाजवळ मिसिसिपीच्या कड्यांवर असलेल्या सरकारी उद्यानांत विजेचा जोड असलेला तळ आहे, आणि तेथून दिसणारा नदीचा देखावा स्वतंत्रपणें पाहण्याजोगा आहे.

मेन स्ट्रीटच्या तोंडाशीं पूर अडविण्याचे मोठे दरवाजे आहेत. ते पाहिले म्हणजे आटलेली नदी अजूनही रागावूं शकते हें कळतें. आंत शिरल्यावर १८५५ सालीं उघडलेलें डी सोटो हाउस हें हॉटेल लागतें. लिंकननें १८५६ सालीं त्याच्या सज्जांतून भाषण केलें. हें हॉटेल मूळचें पांच मजल्यांचें; पडत्या काळांत वरचे दोन मजले उतरवून टाकण्यांत आले. गांवाचा उत्कर्ष व अपकर्ष एकाच इमारतींत वाचावयाचा असेल तर ती हीच. जवळच टपालकचेरीची जुनी दगडी इमारत आहे. तिच्या बांधकामावर देखरेख करणारा एंजिनिअर ईली पार्कर हा सेनेका जमातीचा होता. त्यानें कायद्याचा अभ्यास केला होता, परंतु मूळच्या लोकांस नागरिकत्व नसल्यामुळें त्याला वकिली करूं दिली नाहीं. म्हणून तो एंजिनिअर झाला. गलीनांत त्याची युलिसिस ग्रँटशीं मैत्री जडली, आणि १८६५ सालीं ॲपोमॅटॉक्स येथें दक्षिणेच्या सेनापतीनें शरणागति पत्करली, तेव्हां तिच्या अटींची प्रत पार्करच्याच हस्ताक्षरांत उतरली.

हा ग्रँट १८६० सालीं गलीनास आला, तो वडिलांच्या कातड्याच्या दुकानांत काम करण्यासाठीं. सैन्यांतील नोकरी सोडलेला, शेतींत व धंद्यांत यश न आलेला तो एक साधा संसारी मनुष्य होता. दुसऱ्याच वर्षीं यादवी युद्ध सुरू झालें आणि चार वर्षांनीं तो विजयी सेनापति होऊन परतला. तेव्हां नागरिकांनीं त्यास नदीपलीकडील टेकडीवर विटांचें एक सुसज्ज घर भेट दिलें. पादचाऱ्यांच्या पुलावरून तेथें चालत जातां येतें. १९०४ सालीं त्याच्या मुलांनीं तें गांवास दिलें. आज तें सर्वांस पाहावयास मिळतें. अध्यक्षपदाचीं आठ वर्षें संपल्यावर ग्रँट जगप्रवासास निघाला, आणि फेब्रुवारी १८७९ मध्यें मुंबईस उतरून मलबार पॉइंटवरील सरकारी बंगल्यांत राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो गलीनांतील या घरीं परतला. मुंबईच्या रहिवाशांस हा धागा जवळचा वाटेल.

शेवटीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. चाकांवरच्या घराचा प्रवासी आपलें अन्न, बिछाना व पाणी बरोबर आणतो. म्हणून गांवाला कांहीं न देतां तें पाहून जाणें त्याला फार सोपें असतें. जुन्या इमारती मात्र नुसत्या पाहिल्यानें टिकत नाहींत. त्यांचीं छपरें गळतात, विटांमधला चुना झडतो, आणि दुरुस्तीचा पैसा याच लहानशा वस्तीला उभा करावा लागतो. म्हणून एक जेवण गांवांतील खानावळींत घ्यावें, वस्तुसंग्रहालयाचें तिकीट आनंदानें काढावें, आणि वरच्या रस्त्यांवर चालतांना हीं माणसांचीं राहतीं घरें आहेत, नाटकाचे पडदे नव्हेत, हें ध्यानांत ठेवावें. बोटींच्या काळीं गलीना वाढलें आणि आगगाडी आल्यावर थांबलें. आतां मोटारीच्या काळीं लोकांना तें पुन्हां सांपडलें आहे. हें सांपडणें त्याला मानवेल कीं बाधेल, हें आपण तेथें किती वेगानें जातों यापेक्षां किती सावकाश चालतों, यावर अवलंबून आहे.