निजामाचे सोने : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की हिंगोली, कळमनुरी, वसमतच्या मोबाइलवर हैदराबादच्या निजामाच्या सोन्याचे किस्से फिरू लागतात. मुक्तिसंग्राम आपल्या माणसांनी लढला आहे. त्याचा इतिहास ऐकीव गोष्टींच्या हवाली करणे योग्य नाही.

गैरसमज : भारत आणि हैदराबादचा झगडा फक्त बंदुकीचा होता.
वस्तुस्थिती : 'जैसे थे' करार २९ नोव्हेंबर १९४७ रोजी झाला आणि काही आठवड्यांतच निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू भारतात नेण्यावर निर्बंध आणले, दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात बाद ठरवले. हिंगोली तेव्हा संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात होती. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे उमरखेडला कलदार, म्हणजे भारतीय रुपया. सात हालीला साधारण सहा कलदार. शेजारच्या बाजारपेठांमधला व्यवहार असा कागदाच्या जोरावर अडवला गेला.

गैरसमज : उमरीची बँक दरोडेखोरांनी लुटली.
वस्तुस्थिती : नांदेड जिल्ह्यातल्या उमरीतील बँकेवर ३० जानेवारी १९४८ रोजी झालेली कारवाई स्वातंत्र्यसैनिकांनी आखलेली होती. रक्कम लढ्याच्या केंद्रांसाठी वापरली गेली आणि तिचा हिशेब लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्याकडे दिला गेला.

गैरसमज : निजामाचे सोने पाकिस्तानात आणि लंडनच्या बँकेत गेले.
वस्तुस्थिती : निजाम सरकारने पाकिस्तानला देऊ केलेले २० कोटींचे कर्ज भारत सरकारच्या कर्जरोख्यांत होते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या नावे वळवले गेले ते १० लाख ७ हजार ९४० पौंड. निजामाने ते परत मागितले, पाकिस्तानने हक्क सांगितला, बँकेने पैसे अडवून ठेवले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला. तोवर रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती.

गैरसमज : १९६५च्या युद्धात निजामाने देशाला पाच टन सोने दान केले.
वस्तुस्थिती : त्यांनी ४ लाख २५ हजार ग्रॅम, म्हणजे ४२५ किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोख्यांत गुंतवले. मुदत संपल्यावर सोने परत मिळणार होते, वर व्याजही होते. युद्धकाळात देशाला त्याचा आधार झाला, हे मान्यच. पण ती गुंतवणूक होती, दान नव्हे.

असा संदेश पुन्हा आला तर तारीख आणि कागद विचारा. दोन्ही मिळेपर्यंत तो पुढे पाठवू नका.