वेलिंगकरांचं डॉल्फिन

श्रीकृष्ण वेलिंगकर हे नाव महाराष्ट्रात फार थोड्यांनी ऐकलं असेल. मुंबईचा हा तरुण केंब्रिजला शिकला आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक झाला. त्या युद्धात लढाऊ विमान चालवणारे म्हणून चार हिंदी वैमानिकांची नावं ठळकपणे घेतली जातात : इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक, एरॉल सेन आणि वेलिंगकर. २७ जून १९१८ रोजी वेलिंगकर फ्रान्समध्ये गस्तीवर निघाले आणि परतलेच नाहीत. ते जर्मन हद्दीत कोसळले होते. तीन दिवसांनी, ३० जूनला, त्यांचा मृत्यू झाला. हँगार्ड नावाच्या गावातल्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

ते ज्या २३ व्या स्क्वाड्रनमध्ये होते, तिच्याकडे सॉपविथ डॉल्फिन जातीची विमानं होती. अशी सुमारे दोन हजार विमानं बांधली गेली, आणि आज त्यांतलं एकही मूळ रूपात अखंड उरलेलं नाही. लंडनजवळच्या हेंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये एक डॉल्फिन आहे. पण ते निरनिराळ्या विमानांचे वाचलेले भाग गोळा करून, उरलेलं सगळं नव्याने घडवून उभारलेलं आहे, आणि २०१२ साली ते लोकांसमोर आलं. त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ओल्ड ऱ्हाइनबेकला, कोल पॅलेन या जुन्या विमानांच्या वेड्याने डॉल्फिनची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधली आणि ती उडवलीसुद्धा. म्हणजे आज कुणाला डॉल्फिन बघायचं असेल, तर कुणीतरी ते बांधलेलं असावं लागतं. दुसरा मार्गच नाही.

हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच विचार घोळतो आहे : हे विमान मिरजगावात बांधता येईल.

मिरजगावच का? नगर-सोलापूर रस्त्यावरचं, अहिल्यानगर (नगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. अशा गावात ट्रॉलीचा मोडलेला सांगाडा वेल्डिंगवाला दुपारपर्यंत उभा करून देतो. सुतार असतो, शिंपी असतो, सायकलवाला असतो, पाट्या रंगवणारा असतो. १९१८ सालचं लढाऊ विमान नेमकं याच हातांनी बनत होतं. टॉमी सॉपविथने कारखाना काढला तो किंग्स्टन गावातल्या बंद पडलेल्या स्केटिंगच्या हॉलमध्ये. तिथे सुरुवातीची विमानं जमिनीवर खडूने पूर्ण आकारात रेखाटायची आणि त्या रेघांवर लाकूड ठेवून कापायचं, अशी रीत होती. पुढे डॉल्फिनची मागणी वाढली तेव्हा ती हूपर आणि कंपनीकडेही बांधायला दिली गेली, आणि हूपर म्हणजे राजघराण्याच्या बग्ग्या बनवणारे लोक. घोडागाडीची चाकं आणि गाद्या-पडदे करणाऱ्या हातांना विमान परकं वाटलं नाही, कारण त्यात होतं ते लाकूड, कापड, तार आणि थोडंसं पोलाद.

आता मापं बघा. लांबी ६.७८ मीटर, पंखांचा पसारा ९.९१ मीटर, उंची २.५९ मीटर. पंख सुटे होतात, त्यामुळे बांधकाम साध्या शेडमध्ये चालतं. सगळं जोडून उभं करायचं तेव्हाच ३५ फूट मोकळी जागा लागते, आणि ती आपल्याकडे खळ्यावर मिळते. रिकाम्या विमानाचं वजन ६४० किलोच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा २०० अश्वशक्तीच्या हिस्पानो-सुइझा इंजिनाचा. इंजिन आणि मशीनगन काढल्या की उरतं ते नवल वाटावं इतकं हलकं.

कामाची सुरुवात करायची फासळीपासून. पंखाच्या आत एकामागोमाग एक उभ्या असलेल्या या फासळ्यांवरच पंखाचा आकार ठरतो. एका जाड प्लायवूडवर फासळीचा आराखडा पूर्ण मापाने काढायचा आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या गुटक्या खिळवायच्या. हा झाला साचा. मग बोटाएवढ्या पातळ लाकडी पट्ट्या पाण्यात भिजवून, जिथे वळण तीव्र आहे तिथे वाफेवर धरून साच्यात बसवायच्या आणि रात्रभर सोडायच्या. सकाळी पट्टी त्या वळणाला राजी झालेली असते. मग मधले आडवे-तिरके तुकडे, सांध्यावर प्लायचे चिमुकले त्रिकोण, डिंक, बारीक चुका. फासळी हातात घेतली की वजन जाणवतच नाही, आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली तरी ती वाकत नाही. सगळा विमानउद्योग या एका फासळीत दिसतो : जिथे ताण येतो तिथेच लाकूड ठेवा, बाकी सगळीकडे हवा असू द्या.

लाकूड निवडण्यात मात्र हयगय चालत नाही. खरं उडणारं विमान करायचं असेल तर स्प्रूस लागतं, आणि त्याचे रेषे पट्टीच्या लांबीला सरळ धरून जायला हवेत. रेषा तिरपी निघाली की पट्टी तिथे फाटणार हे नक्की. नुसतं उभं ठेवायचं विमान असेल तर गाठी नसलेलं, चांगलं वाळलेलं पाइन चालेल. सागवान नको, ते जड पडतं.

धडाची रचना मला पंखाहूनही सुंदर वाटते. लांबच लांब चार लाकडी दांडे, त्यांना जोडणारे उभे-आडवे खांब, आणि अशा तयार झालेल्या प्रत्येक चौकटीत फुलीसारख्या दोन तारा. लाकूड दाब सोसतं, तार ओढ सोसते. प्रत्येक तारेला टर्नबकल असतो, म्हणजे फिरवला की तार ताणणारा वा सैल करणारा स्क्रू. सायकलवाला जसा चाकाचे आरे एकेक पिळत चाकातला आऊट काढतो, तसंच हे काम चालतं : एका चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे, जो लांब निघेल त्याची तार ताणायची, समोरची तितकीच सोडायची, की लगेच शेजारची चौकट बिघडते, मग तिच्याकडे वळायचं. धीर धरला तर धड सरळ होत जातं, आणि शेवटी शेपटीचा खांब ओळंब्याला लागतो. यात नवीन शिकण्यासारखं यंत्र एकही नाही. मोजपट्टी, ओळंबा, दोरी आणि डोळा, बस.

डॉल्फिनच्या पंखांची एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या काळच्या बहुतेक दोन पंखी विमानांत वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे असे, आणि तो नेमका वैमानिकाच्या वरचं आकाश झाकून टाकी. शत्रू तर वरूनच येणार. डॉल्फिनचा आराखडा करणाऱ्या हर्बर्ट स्मिथने वरच्या पंखाचा मधला भाग कापडाविनाच ठेवला, तिथे पोलादी चौकट बसवली आणि वैमानिकाचं डोकं त्या चौकटीतून वर काढलं. वैमानिकाला चौफेर आकाश मिळालं. पण यामुळे वरचा पंख मागे सरकला आणि विमानाचा तोल बिघडायची वेळ आली. म्हणून खालचा पंख १३ इंच पुढे घेतला. डॉल्फिन बाजूने पाहिलं की उलटं बसवल्यासारखं वाटतं, ते या १३ इंचांमुळे. याची किंमतही होती. उतरताना विमान नाकावर उलटलं, तर सगळ्यात आधी जमिनीला लागणार ते वैमानिकाचं डोकं. वैमानिक याला घाबरत, आणि त्यांचं घाबरणं रास्त होतं. त्याच चौकटीवर वरच्या दिशेला रोखलेल्या दोन लुइस मशीनगनही बसवत. त्या डोलून वैमानिकाच्या तोंडावर आदळत, म्हणून अनेकांनी त्या काढूनच टाकल्या. पुढच्या दोन व्हिकर्स मशीनगन फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या मारत, तरी पात्याला गोळी लागत नसे. जॉर्ज कॉन्स्टँटिनेस्को या रुमानियन अभियंत्याने नळीत भरलेल्या तेलातून दाबाचे ठोके पाठवून ही वेळ साधली होती. इंजिन फिरे, तेलातून ठोका जाई, आणि पातं बाजूला झालेल्या क्षणालाच गोळी सुटे. १९१७ सालचं हे काम! प्रतिकृतीत मशीनगन अर्थातच खोट्या असाव्यात, पाइप आणि लेथवर घडवलेल्या, पण ती तेलाची नळी जरूर दाखवावी.

मग येतं कापड. त्या काळी घट्ट विणीचं लिनन वापरत. आज उडणाऱ्या प्रतिकृतींवर पॉलिएस्टरचं कापड चढवतात, ते इस्त्रीच्या उष्णतेने आक्रसतं आणि घट्ट बसतं. उभ्या प्रतिकृतीला जाडसर सुती कापडही पुरतं. कापड पंखावर गवसणीसारखं चढवून शिवायचं आणि मग त्यावर डोपचे हात द्यायचे. डोप म्हणजे सेल्युलोजचा पातळ लाखेसारखा लेप. पहिल्या हाताला कापड ओलं होऊन लोंबतं आणि बघणाऱ्याचा जीव खाली-वर होतो. पण लेप वाळतो तसं कापड आखडत जातं, सुरकुत्या आपोआप विरतात, आणि काही हात झाल्यावर बोटाने टिचकी मारली की पंख वाजतो. डोपचा वास डोक्यात जातो आणि त्याची वाफ पेट घेते. त्यामुळे ज्या दिवशी डोप, त्या दिवशी शेडमध्ये वेल्डिंग नाही, विडी नाही, दारं-खिडक्या सताड उघड्या. हा नियम मोडू नका.

डोपचे पहिले हात वाळले की पंख उभा करायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोघांनी बसायचं. एकाने लांब सुई कापडातून, फासळीला लागून, आरपार ढकलायची. पलीकडच्याने ती ओढून घ्यायची आणि फासळीच्या दुसऱ्या बाजूने परत पाठवायची. मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ मारायची आणि काही इंच सोडून पुढचा टाका. फासळीमागून फासळी, पंखामागून पंख. हे कंटाळवाणं काम कशासाठी? उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो, आणि वरचं कापड फासळीपासून सुटून वर जाऊ बघतं. विमानाला वर उचलणारं बळ म्हणजे मोठ्या प्रमाणात हीच ओढ. ती दोऱ्यातून फासळीत जाते, फासळीतून पंखाच्या आतल्या लांब दांड्यांत, तिथून तारांत, तारांतून धडात आणि धडातून बसलेल्या माणसात. भरलेल्या डॉल्फिनचं वजन सुमारे ८८९ किलो आणि पंखांचं क्षेत्रफळ सुमारे २४.५ चौरस मीटर. भागाकार केला तर दर चौरस मीटरला ३६ किलोंच्या वर भार येतो, आणि तोही विमान सरळ उडत असताना. गिरकी घेताना तो कितीतरी पट वाढतो. हा सगळा भार कापडातून सांगाड्यात उतरतो तो या टाक्यांच्या आधाराने. फ्रान्सच्या आकाशात वेलिंगकर ज्या पंखांवर तरंगत होते, त्यांचे टाके कुणीतरी असेच बसून घातले होते. विमानाच्या कारखान्यांत पंखांच्या शिवणीवर बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांची नावं आज फारशी कुणी घेत नाही.

बाहेरून दिसणाऱ्या तारांचंही असंच. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा पंख स्वतःच्या वजनाने खाली झुकू बघतात, आणि एका दिशेच्या तारा त्यांना धरून ठेवतात. उडालं की पंख वर जाऊ बघतात, तेव्हा दुसऱ्या दिशेच्या तारा कामाला लागतात आणि पहिल्यांचा ताण उतरतो. जमिनीवर घट्ट असलेली तार आकाशात सैल पडते. हे कळल्यावर जुन्या विमानांचं चित्र मला पहिल्यासारखं बघताच येत नाही.

घरी विमान बांधण्याची गोष्ट निघाली की आपल्याकडे अमोल यादव यांचं नाव घ्यायलाच हवं. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनी विमान बांधलं. ते कुठल्या जुन्या विमानाची प्रतिकृती नव्हतं, आराखडाही त्यांचाच. आधीचे प्रयत्न तडीस न जाताही त्यांनी हात आखडता घेतला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते विमान मुंबईतल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. त्याची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि उड्डाणाची परवानगी मिळाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. पुढच्या चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. तारखांकडे नीट बघा : विमान लोकांसमोर उभं राहिल्यावर कायदेशीर उड्डाणाचा कागद हातात यायला साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला. घरी बांधलेलं विमान आकाशात न्यायचं तर परवानगी, तपासणी आणि वैमानिकाचा परवाना यांतून सुटका नाही, आणि माणसांच्या डोक्यावरून उडणाऱ्या यंत्राला ती नसावीच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : मिरजगावचं डॉल्फिन आधी जमिनीवरचं असावं. मात्र ते आतून खरं हवं. फायबरचं कवच ओतून वर रंग मारला की चौकात ठेवण्याजोगी वस्तू होते, पण ती काही शिकवत नाही. आत फासळ्या हव्यात, तारा हव्यात, पंखाचा एक कोपरा कापडाविना उघडा ठेवायला हवा, म्हणजे पोरांना बोट घालून बघता येईल. यंत्रांच्या जतनाची जाण या जिल्ह्याला आहेच. अहिल्यानगरमध्ये १९९४ साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय आहे, जुन्या काळच्या चिलखती गाड्या तिथे समोर उभ्या राहून बघता येतात. मिरजगावहून ते एका दिवसात जाऊन-येऊन बघण्याजोगं आहे.

कर्जत, जामखेड, श्रीगोंदा या भागांतल्या शाळांच्या आणि आयटीआयच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. संपूर्ण विमानाचा विचार आत्ता करू नका. एका पंखाची एक फासळी करा. प्लायवूडचा एक तुकडा, चार पट्ट्या, डिंक आणि गावातल्या सुताराचा एक रविवार, एवढंच लागेल. ती वर्गात भिंतीवर टांगा आणि खाली लिहा : लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर, २३ वी स्क्वाड्रन, सॉपविथ डॉल्फिन, १९१८.