अनवाणी पावलांची निगा

घरातल्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरवून आणणे हा शहरातील अनेक कुटुंबांचा नित्यक्रम झाला आहे. त्याचा पट्टा, साखळी, खाणे यांचा विचार बारकाईने होतो. पायांकडे मात्र तो लंगडू लागेपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही. ‘जनावराचे पाय, त्यांना काय होते?’ हा समज त्याच्या मुळाशी आहे. पंजाखालची गादी जाड व खरखरीत असली, तरी ते काही खूर नव्हे. ती कातडीच, ती भाजते, चिरते आणि सोलवटतेही.

उन्हाळ्यात मोठा धोका डांबरी रस्त्याचा. एप्रिल-मेमध्ये भर उन्हातले डांबर ५० अंश सेल्सिअसच्याही वर सहज तापते आणि ऊन कलल्यावरही बराच वेळ धगधगत राहते. हाताची उलटी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल, तर त्यालाही सोसणार नाही. बाजारात कुत्र्यांचे बूटही मिळतात. पण कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांतूनच, त्यामुळे ते फार वेळ चढवून ठेवणे बरे नव्हे. त्यापेक्षा फिरण्याची वेळ बदललेली चांगली.

पावसाळा सरून टेकड्यांवरचे गवत वाळले, की कुसळांचा हंगाम सुरू होतो. पुण्यात वेताळ टेकडीवर फिरणाऱ्यांना मोज्यांत रुतणारी कुसळे परिचयाची आहेत. कुसळाचे टोक सुईसारखे आणि त्यावरचे राठ केस मागे वळलेले असतात. म्हणून ते पुढे सरकते, मागे फिरत नाही. त्याची लांब शेपटी ओलाव्याने पीळ सोडते, सुकताना पुन्हा घेते आणि टोक गिरमिटासारखे आत शिरते. बी मातीत रुजावे म्हणून निसर्गाने केलेली ही योजना. पण बोटांच्या बेचकीतली मऊ कातडीही त्याला मातीसारखीच. आत गेलेले कुसळ गळू करते, कधी पायात वर सरकते. कुत्रा एकाच बोटाला वारंवार चाटू लागला, तर शंका घ्यावी. वर दिसणारे कुसळ चिमट्याने काढता येते; आत गेलेले पशुवैद्यानेच काढावे.

मुंबईकरांचा त्रास निराळा. पावसाळ्यात जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्रातून डांबराचे गोळे येऊन पडतात व बेचकीतल्या केसांना चिकटतात. ते काढण्यासाठी रॉकेल मुळीच वापरू नये. त्याने कातडी पोळते, शिवाय चाटल्याने ते पोटात जाते. खोबरेल तेल चोळून गोळा मऊ करावा आणि मग पंजा साबणाने धुवावा. जिन्यावर नुकत्याच मारलेल्या फिनेलचेही तसेच. त्यावरून चालणे झाले असेल, तर घरात शिरण्याआधीच पाय धुवावेत.

काचेने चिरले, तर जखम स्वच्छ पाण्याने धुऊन कापडाने दाबून धरावी. काच खोल रुतली असेल, तर ती उपसू नये. आजूबाजूने सैल पट्टी बांधून थेट दवाखाना गाठावा.