जवळा कुणाचे पिल्लू?

जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगाव. कुठल्याही आठवडे बाजारात सुकटीच्या ओळीत जवळ्याचा ढीग दिसतो. जवळा म्हणजे कोळंबीची पिल्ले, ही घाटावरची पक्की समजूत. ती चुकीची आहे. जवळा, म्हणजे अ‍ॅसेटिस इंडिकस, हा दोन-चार सेंटिमीटरचा पुरता वाढलेला जीव. चालण्याच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्या त्याला नसतात, कोळंबीच्या पोराला असतात. भिंगाखाली नराचा जननावयव दिसला, की वादच मिटतो.

शास्त्रज्ञांची गफलत उलटी: त्यांनी पिल्लांनाच वेगळी जात मानले. १८२८ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी सेरॅटास्पिस मॉन्स्ट्रोसस नावाचा जाड कवचाचा, शिंगाळ प्राणी नोंदवला. तो बहुधा मोठ्या माशांच्या पोटातच सापडे. हे कुणाचे तरी पिल्लू असावे, असा संशय पुढे आला. पण आईबाप सापडेनात. २०१२ मध्ये हेदर ब्रॅकन-ग्रिसम आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या एका नमुन्याचा डीएनए तपासला. तो प्लेसिओपेनियस आर्मेटस या अतिखोल समुद्रातल्या कोळंबीशी जुळला. १८४ वर्षे लागली! शिवाय पिल्लाचे नाव जुने, म्हणून नियमाप्रमाणे आईबापांनाही तेच लागले.

अवस्था ओळखण्याची एक सोपी खूण आहे: जीव पोहतो कशाने? अशा समुद्री कोळंब्यांत अंड्यातून निघालेला नॉप्लियस डोक्याकडच्या शृंगिकांनी पोहतो, पुढच्या मायसिस अवस्थेतले पिल्लू छातीच्या पायांनी, आणि शेवटी पोटाखालचे पाय हे काम घेतात. अवस्था अशी कळते; जात कळेलच असे नाही. दर कातीला रूप बदलते. खोल समुद्रातल्या जातींत तर पिल्लू वरच्या पाण्यात, आई हजारो मीटर खाली. टाकीत वाढवून खात्री करावी, तर तेही जवळपास अशक्य. म्हणून डीएनएला पर्याय नाही, असे माझे मत.

आपल्या नद्यांत प्रश्न वेगळा. नाणेघाटाखाली कोकण दिसते, पण कुकडी, मीना, घोड यांचे पाणी भीमा-कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला जाते; म्हणजे समुद्र इथून फार दूर. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या पिल्लाच्या ११ अवस्था असतात. या पिल्लांना मचूळ पाणी लागते, हे शाओ-वेन लिंग यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात दाखवले. त्यामुळे डिंभे जलाशयात तिचे बीज सोडले तर ते वाढेल. वंश मात्र चालणार नाही, दर वेळी नवे बीज आणावे लागेल. याउलट, आयुष्यभर गोड्या पाण्यात राहणाऱ्या बारीक कोळंब्यांपैकी अनेक जाती मोजकीच, पण मोठी अंडी घालतात. त्यातून बाहेर पडणारे पिल्लू जवळजवळ आईसारखेच असते. मधल्या बहुतेक अवस्था अंड्यातच उरकतात.

आपल्या ओढ्यांतली कोळंबी यातल्या कोणत्या प्रकारची, हे शोधण्याचे काम जुन्नर-आंबेगावच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. ओढ्यातली अंडीवाली मादी पाहावी, पोटाखालची अंडी मोजावीत, त्यांचा आकार लिहावा आणि तिला पुन्हा पाण्यात सोडावे. भिंग, पट्टी आणि वही एवढ्यावर सुरुवात होते.