चढणीचे दिवस

मृग नक्षत्र निघाले, की राधानगरीच्या पश्चिमेकडच्या गावांत एक वेगळीच चुळबुळ सुरू होते. वळवाच्या सरींनी जमीन भिजलेली असते, जंगलातल्या झाडांवर लखलखणारे काजवे सरत आलेले असतात, आणि शेतकऱ्याचे एक लक्ष भाताच्या तरव्याकडे असले तरी दुसरे ओढ्याकडे असते. दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला, ओढ्याला तांबडे पाणी आले, की रात्रीची जेवणे उरकून माणसे बॅटऱ्या आणि बुट्ट्या घेऊन बाहेर पडतात. ‘चढणीचे मासे लागले’ ही बातमी सांगायला कुणाला कुणाच्या दारात जावे लागत नाही.

चढण म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवे. उन्हाळाभर डोहात दडून राहिलेला मासा नवे गढूळ पाणी आले, की प्रवाहाच्या उलट दिशेने निघतो. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात आणि तिथून थेट भाताच्या खाचरात. पोटात गाबोळी भरलेली असते. नदीच्या मुख्य धारेत अंडी वाहून जातील, मोठे मासे पिल्ले गिळतील. खाचरातले उथळ, उबदार पाणी मात्र पिल्लांना खाऊही देते आणि आसराही. म्हणून ही जिवावरची धाव. बांधावरून पाणी खाली कोसळते तिथे मासे उड्या मारताना दिसतात. ज्याची उडी साधते तो वर जातो. चुकलेला खाली पडतो.

जुन्या लोकांची मासेमारी या चुकलेल्या उडीवर चालत असे. पाणी पडते त्या जागी बांबूच्या कामट्यांची बुट्टी लावायची आणि घरी जाऊन झोपायचे. पहाटे बुट्टीत असेल तेवढे आपले. या पद्धतीला कुणी शास्त्र म्हटले नाही. पण तिच्यात एक हिशेब आपोआप सांभाळला जाई. उडी साधलेला मासा खाचरात पोहोचे, आणि पुढच्या वर्षाची बेगमी होई. आता ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत बारीक डोळ्याचे नायलॉनचे जाळे लागते. त्यातून बोटाएवढे पिल्लूही सुटत नाही. कुठे पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतात, कुठे तारेवर आकडा टाकून वीज सोडतात. विष आणि सुरुंग वापरून मासे मारण्यावर १८९७ सालच्या कायद्यानेच बंदी घातलेली आहे. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला. ओढ्याकाठी मध्यरात्री तो पाहायला कोण जाणार?

आपल्याकडे संयमाची परंपरा नाही असे नाही. श्रावण पाळणारी घरे आजही पुष्कळ आहेत. समुद्रावरचा कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाही, आणि सरकारी बंदीही जून-जुलैत असते. पण नदीचे पंचांग समुद्राच्या पंचांगाशी जुळत नाही. चढण लागते ती मृग आणि आर्द्रा नक्षत्रांत, म्हणजे जूनमध्ये. श्रावण उजाडेपर्यंत ओढ्यातला मासा चढून, अंडी घालून, किंवा कालवणात पडून मोकळा झालेला असतो. आपण श्रावणात मासे सोडतो ते आपल्या पुण्यासाठी. माशाला त्याचा उपयोग थोडा उशिरा होतो! मृग-आर्द्रेच्या या महिनाभरात ओढ्यांना जाळे लावायचे नाही, बुट्टी लावली तरी अर्धे पात्र मोकळे ठेवायचे, एवढे जरी गावांनी ठरवले तरी बरेच साधेल असे मला वाटते. ठराव ग्रामसभेचा असावा, पोलिसांचा नको. ओढा गावाचा आहे.

देवाच्या नावाने हे झालेलेही आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडी नावाचा डोह आहे. तिथले मासे देवीचे मानतात, त्यांना गळ लावत नाहीत. लोक चुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे काठाशी येतात. चांगली गोष्ट आहे. पण डोह राखला आणि चढणीची वाट अडवली, तर म्हातारे मासे तेवढे राहतात.

आषाढ लागला की भोगावती स्वतःच दार लावून घेते. दाजीपूरच्या डोंगरांवर पाऊस अहोरात्र कोसळतो, राधानगरीचा लक्ष्मी तलाव भरतो, आणि धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपसूक उघडू लागतात. खाली कोल्हापुरात सगळ्यांचे डोळे राजाराम बंधाऱ्याकडे; ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी त्याच्याही कितीतरी वर गेले. अशा दिवसांत नदीत जाळे टाकण्याची कुणाची छाती नसते. फिनलंडमध्ये किंवा अमेरिकेतल्या मिनेसोटात हिवाळ्यात तळी गोठतात. पाणी चार अंशांना सर्वांत जड असते, म्हणून बर्फ वर राहतो आणि तळाशी मासे जिवंत राहतात; तिथले लोक बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडतात, वर खोपटे बांधून शेगडी पेटवून बसतात. आपल्या नदीवर झाकण असते ते पुराचे, आणि त्याला भोक पाडता येत नाही.

भाद्रपद-आश्विनात पाणी निवळते आणि गळवाल्यांचे दिवस येतात. हा छंद जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोद हे स्वतंत्र प्रकरणच आहे. दोरी कशी वळावी, कोणत्या माशाला कोणते आमिष लावावे, एकाच जागी खाऊ टाकून माशांना तिथली सवय कशी लावावी, हे सगळे राजाने सांगून ठेवले आहे. भोगावतीकाठी पेंडीचा गोळा टाकून मुकाट बसणाऱ्या माणसाला सोमेश्वर ठाऊक नसतो. विद्या मात्र तीच. थंडी वाढली की मासा खोल जातो, मंदावतो, आमिषाला चटकन तोंड लावत नाही. खडकाच्या कपारीतली वाम तेवढी चिकाटीवाल्याला मिळते.

याच सुमारास कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घातले जातात. वाहती नदी एकापाठोपाठ एक तळ्यांची माळ होते. उसाला पाणी मिळते, हे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. या साऱ्याचे मूळ शाहू महाराजांच्या दूरदृष्टीत आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी हे धरण मनावर घेतले, लेकीच्या नावाने राधानगरी वसवली. १९२२ मध्ये महाराज गेले, आणि ८.३६ टीएमसीचे धरण पुरे झाले ते राजाराम महाराजांनी काम पुढे नेल्यावर, स्वातंत्र्यानंतर. धरणाने जिल्ह्याला अन्न दिले. पण त्या भिंतीवरून मासा चढत नाही, हेही तितकेच खरे. पूर्वी उन्हाळ्यात नदी आटून डोह उरत. आता शेतीसाठी पाणी सुटले की भर एप्रिलमध्ये ती दुथडी दिसते. माशाने पाणी कशावरून ओळखायचे?

थबकलेल्या पाण्यात फावले ते बाहेरच्या माशांचे. आफ्रिकेतला तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. आमच्याकडे त्याची ‘चिलापी’ झाली. ती कुठल्याही पाण्यात वाढते आणि वर्षातून अनेकदा विते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन माशांकडून अंडी घालवून घेतली, आणि कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली हवी तितकी मिळू लागली. राज्यातल्या तलावांत ती सोडली जाते, मच्छीमार सोसायट्यांचे पोट त्यावर चालते. ताटातला मासा वाढला. नदीतला मात्र तोच राहिला नाही.

तो कोण होता, हे त्याच्या नावांत दिसते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमध्ये फिरून इथल्या माशांची वर्णने केली, ती १८३९च्या सुमारास प्रसिद्ध झाली. नावे देताना त्याने इथलेच शब्द उचलले. टॉर खुद्री, गारा मुल्या, हिप्सेलोबार्बस कोलस या शास्त्रीय नावांतले दुसरे शब्द ऐका. ते आपल्याच नद्यांकाठचे आहेत. खुद्री म्हणजे आपला महसीर. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्ले वाढवली गेली आणि ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली गेली. कोळसाला असे कुणी वाली भेटलेले नाही.

राधानगरीच्या बाबतीत एक गोष्ट बरी आहे. वरचे पुष्कळसे ओढे अभयारण्यात आहेत. १९५८ मध्ये गव्यांसाठी दाजीपूरचे जंगल राखले गेले, १९८५ मध्ये त्याची हद्द वाढली. गव्याच्या नावाने राखलेल्या रानात मासाही राखला जातो. खालच्या अंगाला, इचलकरंजीच्या पुढे तेरवाड बंधाऱ्याशी, उन्हाळ्यात काळ्या पाण्यावर मेलेल्या माशांचा खच तरंगल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तिथे चढणीचा प्रश्नच उरत नाही. चढायला आधी मासा जगावा लागतो.

मे महिन्याच्या अखेरीस बंधाऱ्यांवरची माणसे बरगे उपसून काठाला रचून ठेवतात. चार-सहा महिने अडलेले पाणी मोकळे होते. वर दाजीपूरकडे आभाळ भरून आलेले असते, आणि ओढ्याकाठच्या घरांत कुणीतरी पडवीत बसून फाटलेले जाळे सांधत असते.